सहावा गडी

सेंट पॉलच्या बागेत, पार्किंगच्या मागे,
पाच म्हातारे खराट्याने माती झाडतात.
सहावा, न्या टेंग लोर, मार्चमध्ये गेला.
त्याचा भोवरा कापडी पिशवीत तसाच,
मेपलच्या लाकडाचा, मोठ्या पेरूएवढा,
अंगभर टोचे.

आजोबांचा फोन आला तेव्हा मी रात्रपाळीवरून सुटत होते.
"सहा लागतात," एवढंच म्हणाले.
लाओसच्या डोंगरात मुलींना या खेळात घेत नसत,
हे त्यांनीच सांगितलेलं;
आज तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दांडी म्हणजे माझ्या भावाची मोडकी हॉकी स्टिक.
दोरी निळी, नायलॉनची, बोटींच्या दुकानातली.
मी ती उलटी गुंडाळली
आणि पलीकडच्या संघातली शाळकरी पोरं हसली.
आमचीच पोरं, पण हसली इंग्रजीत.

आजोबांनी फेकला.
दोरीला हिसडा बसला, भोवरा घुमू लागला,
इतका स्थिर की फिरतोय हे कळू नये,
फक्त एक गुणगुण, मातीच्या आतून आल्यासारखी.
"झोपला!" एक पोरगा ओरडला.

तो शब्द आमच्या घरात कोणी वापरत नाही.

मेकाँगवर, रात्री, बांबूच्या तराफ्यावर
आजीने आत्याच्या जिभेवर अफूचा कण ठेवला होता,
रडू नये म्हणून. काठाला शिपाई होते.
मधल्या भोवऱ्यात तराफा दोनदा गरगरला.
पोर गप्प. गुणाची गं, म्हणाले सगळे.
थायलंडच्या चिखलात उतरून आजीने तिला हलवलं,
मग पुन्हा हलवलं.

आजोबा त्या पोराकडे वळले.
मला वाटलं, आता रागावतील.
"उभा आहे," म्हणाले, "उभा आहे म्हणावं,"
आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला,
जिथे केसांचे दोन भोवरे होते.

माझी पाळी. तीस पावलं.
न्या टेंगचा भोवरा हातात जड, त्याच्या घामाने काळा.
नेम चुकला. आडवा पडून घरंगळत
गेला थेट कुणाच्या तरी गाडीखाली.
मी ओणवी होऊन हात घालते, पोचत नाही.
शेजारी तो दोन भोवऱ्यांचा पोरगा पालथा,
हॉकी स्टिकने माझ्याकडे ढकलतो,
विचारतो, आमच्या भाषेत, अडखळत:
तुम्ही कुठल्या, वांग की लोर?

वांग, म्हणते मी. भोवरा लोरचा.

मागे आजोबांचा अजून उभा आहे.