पितळ

ह्या गिअरबॉक्सला फिल्टर नसतो, हे मी आधीच सांगितलं होतं.
तरी हर्षला नाना पेठेत तीन दुकानं फिरून आली.
तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं म्हणे
चष्मा कपाळावर सरकवून विचारलं,
गाडी वडलांची ना? मग वडलांना विचारायचं.

आता ती गाडीखाली आहे,
मांजरीला, तिच्या नर्सरीच्या मागे,
चाकांना दगड लावून.
माझे गुडघे नाही म्हणाले,
म्हणून मी नुसता पाने पुढं करतो.

"आधी वरचा बोल्ट. भरायचा.
तो सुटला तरच खालचा उघडायचा."
"का?"
"रिकामं करायला काय लागतं!
वरचा जाम निघाला तर बसशील
रिकामी गाडी घेऊन."
ती हसते. तिला वाटतं
मी काहीतरी दुसरंच बोलतोय.
मी बोल्टाबद्दलच बोलतोय.

मग तेल येतं.
फुरसुंगीपर्यंत जाऊन आलो होतो ते पातळ व्हावं म्हणून,
तरी दाट, काळं, सावकाश,
वास दिवाळीच्या दुसऱ्या सकाळचा.
बोल्टाच्या टोकाला लोहचुंबक,
त्यावर राखाडी मिशी उभी राहिलेली.
"एवढं?"
"एवढं चालतं. पोलादाची झीज.
बोटांत चोळ. पीठ लागलं तर ठीक,
कण टोचला तर मला सांग."
टोचत नाही.

बत्तीस वर्षं मी भोसरीत लेथवर उभा होतो.
चुऱ्यावरून धातू सांगतो.
बीड काळी पूड सोडतं,
पोलाद निळं होऊन वळतं,
ॲल्युमिनियम हत्याराला चिकटून बसतं,
आणि पितळ उडतं.
कॉलरमध्ये, खिशात, डब्यातल्या भातात.
हिची आई ताट घासताना म्हणायची,
रोज सोनं आणता, तोळाभर कधी साठणार?

"बाबा, हे चमकतंय काय?"
रंगाच्या अर्ध्या कापलेल्या डब्यात, उन्हात,
तेल जरा हललं की
आत काहीतरी कूस बदलतं.

"पितळ. तिसऱ्या गिअरची रिंग."
"चुंबकाला नाही लागलं?"
"त्याला नाही लागत ते."
"म्हणून तिसरा करकरतो?"
"हं."
"मी नीट टाकत नाही का?"

चार वर्षं मी हेच सांगत आलो.
हळू टाक. क्लच पुरता दाब. दांड्यावर हात ठेवून बसू नको.
एकदा तर गिऱ्हाइकासमोर,
कुंड्या चढवत होती तेव्हा.

त्याआधीची अकरा वर्षं गाडी माझ्याकडे होती.
दुसरी पाळी संपली की मी सासवड गाठायचा,
झेंडू भरायचा, दिवे घाट उतरायचा,
अर्धा झोपेत, अर्ध्या क्लचवर,
तिसरा ठोकून बसवायचा,
कारण पाचच्या आत गुलटेकडी गाठली नाही
तर फुलांना कोण विचारतो?
करकर तेव्हाही होती.
मी रेडिओ मोठा करायचो.

"बाबा?"

"नाही," मी म्हणालो. "तुझी नाही ती."
गाडीखालून बराच वेळ काही आलं नाही.
मग तिचा हात आला, कोपरापर्यंत काळा.
"वायसर द्या. तांब्याचा."

ठिबकच्या नळीनं नवीन तेल भरलं.
भोकात करंगळी घालून ती थांबली,
करंगळीवरून तेल ओघळलं तेव्हा म्हणाली, "झालं."

ती चक्कर मारायला गेली.
मी जुन्या बनियनमधून जुनं तेल गाळत बसलो,
कशासाठी, ते मला विचारू नका.
चिमूटभर निघालं.
अंगठीसुद्धा व्हायची नाही त्यात.

फाटकापाशी तिनं दुसरा सोडला.
लेथनं माझा डावा कान केव्हाच नेलाय,
तरी उजवा मी तिकडं केला.
करकरला. कमी, पण करकरला.
नवीन तेलानं झिजलेलं भरून येत नाही,
हे मी तिला आधीच सांगायला हवं होतं.