हेड बदलून

रात्री आठला टीव्हीवर सांगितलं, सगळं बंद.
सकाळी दहाला मी घरफाळ्याचं काउंटर उघडलं
तर मार्चएंडची रांग नव्हती.
एक कुत्रं होतं, सावलीला.

शेवटच्या आठवड्यात गाव दंडाची भांडणं घेऊन येतं,
"काय बाई, गेल्या साली भरलाय की!" म्हणत
शेवटी पैसे मोजतं.
त्या भांडणावर टिप्परचं डिझेल चालतं,
दिवाबत्ती, केएमटीची तूट,
आणि माझा पगार.
हे दिल्लीत कुणाला ठाऊक असायचं कारण नाही.

मग आदेश येत गेले, एकेका पीडीएफला तीन-तीन शुद्धिपत्रकं.
केंद्र उघडा. फवारणी करा. गाळेभाडं मागू नका.
निधी यथावकाश.
यथावकाश हा शब्द मी वहीत उतरवला
आणि पुढं रकमेची जागा मोकळी सोडली.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं, सरनोबतसाहेब म्हणायचे.
पण आडात होतं की. आकडा पेपरात आला होता,
इतकी शून्यं, आमच्या कॅल्क्युलेटरवर मावेनात.
पोहराही होता, भोकाचा का असेना.
दोर तेवढा कुठं दिसत नव्हता.

कपिलतीर्थातली हसीना बागवान
बंद गाळ्याची किल्ली टेबलावर ठेवून म्हणाली,
"माझं भाडं माफ झालं, बरं झालं.
तुमचं कोण माफ करणार वो?"

मी काय करणार. हेड बदललं.
गटारीचे पैसे चादरींना,
रस्त्याचे ऑक्सिजनच्या पाइपाला,
कळंब्याच्या पाइपलाइनीची ठेव मोडून
अलगीकरणातल्या माणसांना पोहे.
चारशे बारा प्लेट.
नागेश निगवेकरनं हात पँटीला पुसून व्हाउचरवर सही केली.
अर्धे दिले. अर्धे यथावकाश.

पुढच्या जुलैत पंचगंगा आली.
जी गटार आम्ही काढलीच नव्हती
तिथनंच पाणी आधी वर आलं,
कुंभार गल्लीत,
न रंगवलेल्या गणपतींच्या गुडघ्यांपर्यंत.
त्या पंचनाम्यासाठीही एक हेड होतं. रिकामं.

आता ऑडिटचा परिच्छेद आलाय, क्रमांक सतरा:
सदर पोह्यांस मान्यता कोणाची?
खुलासा सात दिवसांत.

चार ओळींची जागा आहे.
मी लिहिते, माणसं भुकेली होती.
खोडते. लिहिते, वरिष्ठांच्या तोंडी आदेशानुसार.
तेही खोडते, साहेब रिटायर झालेत, मधुमेह आहे त्यांना.

खाली नागेश बसलाय, तिसऱ्यांदा आलाय.
त्याचे उरलेले अर्धे कुठल्या हेडला टाकायचे
ते खुलाशातच विचारून घेते.