प्रकार जुळत नाही

बोलुंगारविकच्या धक्क्यावर जानेवारीतले साडेदहा,
म्हणजे अजून उजाडायचंय.
काट्यावर कॉडचा टब चढतो,
ओडनी आकडा वाचते, बर्फाचं वजन वजा करते,
आणि तिच्या एक्सेलमध्ये एक नोंद पडते.
त्या नोंदीला आकार तिनंच दिलाय:
नौका, जात, वजन, बर्फ, वेळ.
पाच खणांचा डबा. नाव ठेवलंय आफ्ली,
म्हणजे त्यांच्या भाषेत, जाळ्यात आलेलं ते.

शीतगृह तिथून दोनशे पावलं.
तिथं ब्यार्त्मार. त्याची फाइल वेगळी, मॅक्रो वेगळे.
"तुझा डबा मला दे."
तिनं दिला, नक्कल करून, चिकटवून,
पाचही खण, त्याच क्रमानं.
'वेळ' लिहिताना घाईत एक अक्षर जास्तीचं पडलेलं,
तेसुद्धा तसंच.

मग तिच्या मॅक्रोनं त्याच्या मॅक्रोला हाक मारली
आणि भरलेला डबा पुढे केला.
दारातच अडवलं:
प्रकार जुळत नाही.

जुळत नाही?
ओडनीनं दोन्ही व्याख्या शेजारी शेजारी लावल्या,
बोट ठेवून वाचल्या.
हुबेहूब. चूकदेखील सख्खी.

ब्यार्त्मार म्हणाला, "गावात ओडनी दोन.
तू कारीची, ती स्तुर्लाची.
दोघींचे केस तांबूस, दोघींची गाडी पांढरी सुबारू.
बेकरीवाला उधारी लिहिताना
नाव विचारतो का? कुणाची, ते विचारतो."

ओडनी गप्प राहिली.
स्तुर्लाच्या ओडनीची उधारी
तिनं दोनदा भरली होती.

दुपारी केतिल आला, थर्मास घेऊन.
तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली,
त्याच्या पायांना मात्र कुणी कळवलं नाही.
"वाटू नका," म्हणाला. "डब्याला एकच घर असू दे."
तिसरी, कोरी फाइल उघडली,
डब्याचा क्लास केला,
आणि गुणधर्मांत जाऊन ठरवून टाकलं:
दिसेल सगळ्यांना,
घडवता येईल फक्त इथे.

"आणि मला हवा असला तर?"
"तर मागायचा."
तीन ओळींचं फंक्शन लिहिलं त्यानं,
कुणी हाक मारली की
नवा रिकामा डबा हातावर ठेवायचा, बस.
"आई स्कीर लावायची," तो कप भरत म्हणाला,
"विरजण नासलं की शेजारी जायची वाटी घेऊन.
दूध आपलंच. पण विरजण
बाजारात मिळत नव्हतं, आणि बनवताही येत नव्हतं."

दोन्ही फाइलींतून तिसरीकडे संदर्भ जोडले.
डबा धक्क्यावरून निघाला, शीतगृहात पोचला.
कुणीही काही विचारलं नाही.
ब्यार्त्मारनं फक्त "हं" म्हटलं,
ते त्याच्या मानानं बरंच होतं.

मार्चमध्ये केतिल अकुरेरीला मुलीकडे गेला, कायमचा.
ती तिसरी फाइल अजून काट्याच्या खोलीत,
त्याच्या जुन्या संगणकावर.
वर चिकटपट्टी: बंद करू नका.

काल वादळात वीज गेली.
आली तेव्हा दोन्हीकडे संदर्भांच्या यादीत
एकच ओळ: सापडत नाही.
ओडनी बूट चढवून निघाली,
दोनशे पावलं, वाऱ्याच्या तोंडावर,
बटण दाबलं,
आणि पंखा घरघरू लागेपर्यंत
हातमोजे न काढता
उभी राहिली.