कडेला थोडी बुरशी

सदरला निनावेंच्या दुकानात पंखा एकच,
तोही लेन्सांच्या कपाटाकडे तोंड करून.
गिऱ्हाइकानं आपला घाम आपण पुसायचा.

"नवी घ्याल तर चाळीसच्या खाली बोलू नका.
ही जुनी आहे, सत्तर-तीनशे.
सावनेरच्या एका मास्तरांची. मोतीबिंदू झाला त्यांना."

माझ्याकडे अकरा हजार होते.
भिशीचे सात एका कप्प्यात,
नाइट ड्युटीचे चार दुसऱ्यात;
घासाघीस करताना एकच कप्पा उघडायचा
हे मी घरून ठरवून निघाले होते.

लेन्स ट्यूबलाइटकडे धरली, तिरकी केली.
"काय पाहून राहिले ताई इतकं?"
बावीस वर्षं मेडिकलच्या लॅबमध्ये
मी दुसरं केलंय काय?
तेलाचा थेंब, शंभरचं भिंग,
आणि तांबड्या पेशीत बसलेली ती बारकी अंगठी,
म्हणजे कुणाचातरी ताप.

दिसलीच. मागच्या काचेच्या कडेला,
कोळ्याच्या जाळ्याहून पातळ.
"धूळ आहे ती."
"धुळीला फांद्या फुटत नाहीत, भाऊ."

निनावे हसले.
उठून पंखा माझ्याकडे वळवला.
मग खरं बोलणं सुरू झालं.

तीनशेला जरा मऊ येते, म्हणाले, अडीचशेवर थांबा.
पहाटे धरू नका, संध्याकाळी नको.
"महागाच्या लेन्सीत पैसे कशाचे असतात? अंधाराचे.
भर उन्हात सगळ्या सारख्याच,
आणि ऊन काय आपल्याकडे विकत घ्यावं लागते?"

सहा हजार आठशे.
दुसरा कप्पा उघडलाच नाही.

मे महिना. गच्चीवर कुरडयांच्या शेजारी
जुन्या चादरीच्या घडीवर मी तिला पालथी ठेवली,
तासाभरानं उलटी, पोळी उलटवावी तशी.
शेजारच्या नंदनवारबाई जिन्यातूनच,
"हे काय वाळू घातलं बाप्पा?"
"बुरशी मारते आहे."
"कशाला लागली? लोणच्याला?"
शेहेचाळीस डिग्री. आयुष्यात पहिल्यांदा
मी या उन्हाला शिवी दिली नाही.

रविवारी गोरेवाड्याला, सव्वासात.
पाणी आटून चिखलाची पट्टी उघडी पडलेली,
आणि तिथे पलीकडे एक उंच, काटकुळा पक्षी
एका पायावर, कुणाचीतरी वाट पाहिल्यासारखा.
लेन्स घरघरली, पुढे गेली, मागे आली,
झाडावर अडली, चिखलावर अडली,
मी श्वास धरून अडीचशेवर.
मग तो आला. डोळ्यासकट आला.
चोचीवरचा ओला गाळसुद्धा.

नाव माहीत नव्हतं त्याचं.
वही काढायला हात खिशाकडे गेला,
नमुना क्रमांक, वेळ, काय आढळलं, काय नाही,
आणि तिथेच थांबला.
इथे खाली सही करायची नव्हती.
बाहेर बाकावर कुणी बसलेलं नव्हतं
माझ्या चेहऱ्यावरून काही ओळखू पाहत.

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात
उन्हाचा एक धुरकट डाग आलाय.
निनावेंना दाखवला तर म्हणतील, कापून टाका.
राहू दे.
त्याचं नाव मात्र मला ठाऊक आहे.