हातात घेऊन बघते

गोव्हनमधली आमची पतपेढी
पूर्वी खाटकाचं दुकान होती.
छतात अजून तीन आकडे आहेत लोखंडी,
डिसेंबरात त्यांना आम्ही कागदी तारे लावतो.
भिंतींना पांढऱ्या फरश्या, पुसायला सोप्या,
आणि आत शिरताना कुणाला
मोठ्या बँकेत वाटते तशी स्वतःच्या बुटांची लाज वाटत नाही.

इश्बेल मॅकक्वेड पहिल्यांदा आली
ती दारातच थांबली,
शाळेच्या सफाईचा निळा झगा कोटाखालून डोकावत होता.
म्हणाली, बँकेने विजेचं बिल मागितलं.
आमच्याकडे बिल कुठलं?
मीटरमध्ये कार्ड घालतो, संपलं की अंधार.
अंधाराची पावती देतात का कुठे?
मी म्हटलं, शाळेचं पत्र चालेल,
मुख्याध्यापकांच्या सहीचं.
ती जरा गप्प झाली.
मग म्हणाली, त्यांना आधी माझं नाव विचारावं लागेल.

पत्र आणायला तिला तीन आठवडे लागले.
नाव चुकीचंच लिहिलं होतं. आम्ही चालवून घेतलं.

पाच पौंडांनी खातं उघडलं.
मग दर शुक्रवारी चार, कधी सहा,
एकदा दोन पौंड नव्वद, सगळे सुटे,
नाण्यांना ब्लीचचा वास.

आणि भरणा झाला रे झाला
की ती सगळे काढून घ्यायची.
सगळे.
खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मोजायची,
ओठ हलवत, नोटांची तोंडं एका बाजूला करून,
आणि परत रांगेत उभी राहून
जसेच्या तसे जमा करायची.
"हातात घेऊन बघते," म्हणायची, "आहेत ना ते."

कॅलम हिशेब लिहितो, तो वैतागायचा.
एका बाईच्या दर आठवड्याला तीन नोंदी!
तिला सांग जरा, पैसा आता आकड्यात असतो.
ती मान वर करून छताकडे बघायची.
मी काही सांगितलं नाही.
माझी आई गोदीच्या कँटीनमध्ये भांडी घासायची,
आणि गुरुवारी दार वाजवणाऱ्या माणसाच्या वहीत
आमचंही सगळं आकड्यातच होतं.
आकडा रात्रीत कसा फुगतो ते मला ठाऊक होतं.
ठेवला तिथे थांबलेला आकडा
मीसुद्धा मोठेपणीच पाहिला.

फेब्रुवारीत तिचे एकशे एकसष्ट झाले.
त्या शुक्रवारी तिने एकशे साठ काढले, मोजले,
आणि रांगेत आली नाही.
खुर्चीजवळच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून.
वॉशिंग मशीन बसलं, म्हणाली.
पाच जणांचे कपडे बाथटबमध्ये तुडवतेय.
तो गुरुवारचा माणूस म्हणतो, नवं कोरं घे आज,
पैशांचं बघू वर्षभरात.
हिल्डाच्या भावाकडे जुनं आहे एक, दीडशेला.
मग खाली मान घालून:
"हे मी घेऊन गेले तर तुम्हाला राग येईल का?"

अगं, तुझेच आहेत.

"हो," म्हणाली, "पण इथे राहून
जरा इथलेच झाले होते."

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही.
त्याच्या पुढच्याही.
कॅलमला नोंदी कमी झाल्या, तो खूश असायला हवा होता.
त्याने दोनदा विचारलं, ती मोजणारी बाई कुठे गेली.

मार्चात आली, धापा टाकत.
काउंटरवर तीन पौंड ठेवले.
मी सवयीने काढायची चिठ्ठी पुढे सरकवली.
"आज नको. मशीन लावून आलेय,
फिरायला लागलं की स्वयंपाकघरभर चालतं ते,
पोरगा वर बसलाय त्याला दाबून."
आणि गेली. पावतीही तिथेच.

कॅलम चहा करायला मागे गेला होता.
मी गल्ला उघडला,
तिचे तीन आणि मागे राहिलेला एक
असे चार पौंड
जरा वेळ हातात घेऊन बघितले.