तिसरं तळं

बुरुल्लुस सरोवराच्या काठी, खारट मातीत खणलेली चार तळी.
पहिल्या दोघांना कलौंजी,
उरलेल्यांना नुसतं खाद्य.
मी क्रमांक दिले होते. राखणदार अम्म बय्यूमी
तिसऱ्याला म्हणायचा, पोरकं.

समजावलं त्याला:
एकाला द्यायचं, एकाला नाही,
त्याशिवाय कसं कळणार
दिल्याने काय झालं?
तो चहात साखर ढवळत राहिला,
विरघळून गेली तरी.

रोज पहाटे किलोला दहा ग्रॅम भुकटी,
वर तेलाचा हात, हलकेच चोळायचं,
दाणा मोडता कामा नये.
बरकतीचा दाणा म्हणतात तिला इथे.
त्याच्या आईने खोकल्यावर मधातून चाटवलेली.
माझ्याही आईने.

जुलैत पाणी तापलं.
शेजारच्या तळ्यांत चिलापी उताणी तरंगू लागली,
डोळे बाहेर, कल्ल्यांपाशी लाल ठिपके,
आणि बोरूच्या बेटाशी बगळे
पंगतीला बसल्यासारखे.

पहिल्यात मेल्या चार. दुसऱ्यात सहा.
चौथ्यात एकशे बारा.
तिसऱ्यात पाच.

पुन्हा मोजल्या. पाचच.
पाणी तपासलं, रक्त तपासलं,
तीन रात्री हवा घुसळणाऱ्या चाकांच्या घरघरीत
कारण शोधत जागी राहिले.

मग एका पहाटे तो दिसला.
काखेत पहिल्या तळ्याची बादली,
मूठ पाण्यावर उघडलेली,
काळपट दाणे, ओठांवर बिस्मिल्ला.
मला पाहूनही मूठ मिटली नाही.
"पोरी, त्या बघत होत्या गं माझ्याकडे."

ओरडले मी. दोन वर्षांचं अनुदान,
विद्यापीठ, माझं नाव, सगळं ओरडले.
बगळे उडाले.
तो बादली विसळून पालथी घालून गेला.

अहवालात लिहिलं: तळे क्रमांक तीन, वगळले.
कारणाची ओळ अजून रिकामी आहे.

चौथं तळं कालव्यापलीकडे.
फळकुटाच्या साकवावरून त्याचा गुडघा जात नाही,
म्हणून तेवढंच शाबूत राहिलं, माझ्या कामाचं.
संध्याकाळी मी जाळं घेऊन परत येते
तेव्हा तो बाजेवरून विचारतो,
पलीकडच्या कशा आहेत?

वहीत लिहिते, एकशे एक्केचाळीस.
त्याला सांगते,
खातायत.