खाली

नया बाजारातून माइक आणला, बारा रुपयांचा,
तुरीच्या दाण्याएवढा.
ट्रान्झिस्टर दोन. मोबाईलचा जुना चार्जर.
दिवे मागच्या दिवाळीचे, अर्धे मेलेले,
वर दह्याच्या रिकाम्या वाट्या पालथ्या.

टाळी वाजवली की उजळतात,
कुकरच्या शिट्टीलाही.
मंडळवाले म्हणाले, शंभराला देतोस तर वीस माळा दे.
वीस म्हणजे चारशे डाग,
बोटांवरचे वेगळे.

रात्री पहिली माळ खिडकीत टांगली.
दौलतगंजच्या बोळापलीकडे शितोळेबाई
पोरांकडून तीनताल घोटून घेत होत्या.
धा धिन् धिन् धा, माळ लख्ख.
पुन्हा लख्ख.
मग तिन् तिन् ता ता
आणि अंधार.

वाटलं, डाग सुटला.
काविया तापवला, तार दाबली, फुंकर मारली.
पुन्हा तिथेच अंधार. नेमका तिथेच.

बाईंनी खिडकीतून पाहिलं असावं.
“यदुनाथ, उगाच भाजून घेऊ नकोस.
तिथे डग्गा गप्प असतो. खाली आहे ती.”

मंडळाला विझलेलं चालत नाही.
एकेका माळेत रुपयाचा कपॅसिटर घातला,
अंधार बुजवायला.

एकोणीसच दिल्या.
विसावी जळाली म्हणून सांगितलं.
ती खिडकीत आहे.